पाठ टेकल्यानंतर

पराभवासाठी आपल्या भाषेत जे शब्द आहेत ते एकदा एकत्र मांडून पाहावेत. चीत होणे, चारी मुंड्या चीत होणे, धूळ चारणे, आस्मान दाखवणे, लोळवणे. या साऱ्यांत चित्र एकच आहे. एक माणूस पाठीवर पडला आहे, त्याचे तोंड आभाळाकडे आहे आणि दुसरा त्याच्या छातीवर आहे. हे चित्र तालमीतून आले. कुस्तीत पाठ लागली की निकाल लागला. मग हलगी कडाडावी, लोकांनी फेटे उडवावेत आणि हरलेल्याने अंगावरची माती झटकीत गर्दीत मिसळून जावे. कोल्हापूरच्या खासबाग मैदानापासून ऑलिंपिकच्या गादीपर्यंत कुस्तीचे नियम तपशिलात पुष्कळ बदलतात. पण दोन्ही खांदे टेकले की कुस्ती संपते, यात बदल होत नाही.

तालमीतले हे चित्र आपण संसारात आणले. धंद्यात बुडालेला, निवडणुकीत हरलेला, भाऊबंदकीत मागे सरलेला माणूस ‘पडला’ असे आपण म्हणतो. आणि एकदा पडला म्हटले की त्याच्या बाजूने आता काही घडावयाचे उरले नाही, असे आपण मनाशी धरून चालतो. पडणे आणि हरणे या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतील, हा विचार सहसा आपल्या मनाला शिवत नाही.

पाठ टेकल्यावर ज्यात खेळ संपत नाही, उलट पुष्कळदा खऱ्या अर्थाने सुरू होतो, असा एक खेळ जगात आहे. ब्राझिलियन जिउजित्सू हे त्याचे नाव. त्याविषयी लिहावेसे वाटते ते त्यातल्या चापल्यासाठी नव्हे. त्यातल्या एका डावाने एक जुना नैतिक प्रश्न फार स्वच्छपणे समोर मांडला आहे, म्हणून. दुसऱ्याच्या बळावर आपण वर यावे हे कितपत योग्य, आणि वर आल्यावर माणसाने कसे वागावे, असा तो प्रश्न आहे.

या खेळाचे मूळ जपानातले. जुन्या जुजुत्सूच्या निरनिराळ्या शाळांतून वेचक तेवढे घेऊन जिगोरो कानो यांनी 1882 साली तोक्योत कोदोकान ही शाळा काढली आणि आपल्या विद्येला ज्यूदो हे नाव दिले. यातील ‘जू’ म्हणजे मऊपणा, लवचिकपणा. कोदोकानात तयार झालेला मित्सुयो माएदा देशोदेशी कुस्त्या करीत 1914 साली ब्राझीलला पोचला आणि पुढे अॅमेझॉनच्या मुखाकडील बेलेम या शहरात स्थायिक झाला. त्याच्या विद्येचा धागा ग्रेसी नावाच्या कुटुंबापर्यंत गेला. त्यांतील कार्लोस आणि त्याचा धाकटा, अंगाने किरकोळ असलेला भाऊ एलियो यांनी जमिनीवरच्या झुंजीचा भाग विशेष वाढवला. ब्राझीलचे लोक आपल्या भाषेत या विद्येला ‘मृदू कला’ म्हणतात. नाव ऐकून कोणी फसू नये. गळा आवळणे आणि सांधा पिरगाळणे हे या मृदू कलेचे नित्याचे उपाय आहेत.

या विद्येत पाठीवर पडलेल्या माणसाच्या एका विशिष्ट स्थितीला ‘गार्ड’ म्हणतात, म्हणजे पहारा. खालच्याची पाठ जमिनीला आहे, पण वरचा त्याच्या छातीवर बसलेला नाही. तो खालच्याच्या दोन पायांच्या मध्ये अडकलेला आहे. खालच्याने आपले पाय त्याच्या कमरेभोवती घालून पाठीमागे घोटे एकमेकांत गुंतवले आहेत. वरचा वर आहे हे खरे, परंतु त्याला पुढे जाता येत नाही आणि सुखाने मागेही सरता येत नाही. दोघांच्या मध्ये पायांचे कुंपण आहे. या कुंपणातून सुटून बाजूला येणे हे वरच्याचे काम, आणि सुटण्यापूर्वीच त्याला उलथून आपण वर जाणे हे खालच्याचे. या उलथण्याला इंग्रजीत ‘स्वीप’, म्हणजे झाडून काढणे, हा शब्द आहे. पोर्तुगीज शब्दाचा अर्थ आहे खरवडणे. भांड्याच्या बुडाला धरलेली खरवड कडेने उचकटून काढावी, तसा हा डाव आहे.

त्यातला अगदी प्राथमिक प्रकार कात्रीचा. खालचा एका हाताने वरच्याची गळपट्टी धरतो आणि दुसऱ्या हाताने त्याची एक बाही. मग पायांची मिठी सोडून तो कुशीवर वळतो. एक नडगी वरच्याच्या पोटाशी आडवी येते, दुसरा पाय त्याच्या गुडघ्याला लागून जमिनीवर आडवा पडतो. आता गळपट्टी ओढावयाची. वरच्याचा भार गुडघ्यांवरून सुटून पुढे खालच्याच्या नडगीवर येतो. त्या क्षणी दोन्ही पाय कात्रीसारखे विरुद्ध दिशांना फिरतात. वरचा पाय भार ढकलतो, खालचा पाय गुडघा पळवतो. पडताना माणूस हात टेकून सावरतो. पण ज्या बाजूला तो पडणार त्या बाजूचा हात तर बाहीने धरून ठेवलेला आहे. चार पायांच्या टेबलाचे एकाच बाजूचे दोन पाय काढून घेतल्यावर टेबलाचे जे होते, तेच या माणसाचे होते. तो कुशीवर आडवा होतो, आणि क्षणापूर्वी खाली असलेला त्याच्या पोटावर बसलेला असतो.

या साऱ्यात जोर कोणाचा लागला? बराचसा वरच्याचाच. तो पुढे दाबत होता म्हणून पुढे ओढला गेला. तो सावध होऊन टाचांवर मागे बसला असता तर कात्री चालली नसती. मग खालच्याने उठून बसत, कमरेचा धक्का देऊन त्याला मागच्या मागे पाडले असते. म्हणजे कोणता डाव करावयाचा हे खालचा आधीपासून ठरवू शकत नाही. वरच्याचे वजन कुठे झुकले आहे हे ओळखावे आणि तिकडेच त्याला आणखी थोडे जाऊ द्यावे, इतकेच त्याच्या हाती असते.

कानो हे तत्त्व अंकगणिताने समजावून सांगत. समोरच्याचे बळ 10 आहे आणि माझे 7, असे धरा. तो सगळ्या बळाने ढकलू लागला आणि मी सगळ्या बळाने विरोध केला, तर मी मागे जाणार हे ठरलेले आहे. पण तो जितका ढकलतो तितका मी मागे सरलो, तर तो पुढे झुकतो आणि त्याचा तोल जातो. तोल गेलेल्या स्थितीत त्याचे बळ 3 इतकेच उरले असे समजा. माझे मात्र 7 कायम आहे. आता त्यातले निम्मे वापरले तरी पुरे.

जमिनीवर पडलेल्याला मागे सरावयास जागा नसते. परंतु त्याच्याजवळ दुसरी एक सोय असते. त्याचा तोल जाऊ शकत नाही, कारण तो आधीच जमिनीवर आहे. सांभाळण्याची चिंता वरच्याला. उंचीवर असलेल्या माणसाला जी काळजी जन्मभर वाहावी लागते ती खालच्याला नाही, आणि हा डाव त्या काळजीवरच उभारलेला आहे.

आता तालमीत वाढलेला एखादा जुना गडी हे ऐकून म्हणेल, “अहो, यात पुरुषार्थ तो कसला? स्वतः आडवे पडायचे आणि दुसऱ्याच्या जोरावर वर यायचे! हे तर कपट झाले.” हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या बळाने मिळवलेले ते आपले, अशी आपली एक सरळ समजूत आहे आणि ती बऱ्याच अंशी चांगलीही आहे.

पण कपट म्हणजे काय याचा थोडा विचार करू. कपटात समोरच्याच्या विश्वासाचा उपयोग केलेला असतो. त्याने माझ्या शब्दावर भरवसा ठेवला आणि त्या भरवशामुळेच तो फसला, म्हणजे कपट. स्वीपमध्ये पडणारा विश्वासामुळे पडत नाही. गरजेपेक्षा अधिक दाबल्यामुळे पडतो. ज्याने आपला भार आपल्या गुडघ्यांवर नीट राखला आहे, त्याला उलथणे महाकठीण असते. या डावात हुलकावणी नसते असे मात्र नाही. एका बाजूचा डाव दाखवून वरच्याला त्याविरुद्ध रेटावयास लावावे आणि त्या रेट्यावर दुसऱ्या बाजूला पाडावे, हे तर रोजचेच. परंतु ती हुलकावणी दोघांनी आधीच मान्य केलेल्या चौकटीतली आहे. उद्या जागा बदलल्या की तोच डाव त्याला माझ्यावर करता येईल, हे दोघांनाही ठाऊक असते.

अशी उलथापालथ घराघरांत चालते. दिवाळीच्या खर्चावरून घरातला कर्ता आवाज चढवतो. समोरून तितकाच चढा आवाज यावा अशी त्याची अपेक्षा असते. तो आला तर भांडण त्याला सोयीचे, कारण त्याचा आवाज मोठा आहे. पण घरची बाई शांतपणे म्हणते, “बरं, तुमचंच खरं. मग ताईंच्या ओवाळणीतून कमी करू, की मुलांच्या कपड्यांतून? तुम्ही सांगाल तसं.” गृहस्थ पुढे झुकलेला असतो आणि रेटावयाला समोर काही उरलेले नसते. मग तो स्वतःच सावरून बसतो आणि हिशेबाची वही मागवतो. यात कोणी कोणाला फसवलेले नाही. आवाजाचा भार जिथे पडावयाचा तिथे त्याला पडू दिला, एवढेच झाले.

मात्र येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. ‘खाली असलात तरी काय झाले, वरच्याचे वजन वापरायला शिका’ हे वाक्य वर बसलेल्याला फार सोयीचे आहे. ज्याला आपण दाबून ठेवले आहे त्यालाच युक्तीचा उपदेश करावा आणि आपला भार तसाच ठेवावा, असा उद्योग जगात पुष्कळ चालतो. ही विद्या स्वतः मात्र असला खोटा दिलासा देत नाही. गार्डमध्ये असणे वेगळे आणि छातीवर वैरी बसलेला असणे वेगळे, हा फरक तिच्या नियमांतच आहे. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांप्रमाणे गार्डमधून स्वीप केल्यास 2 गुण मिळतात. परंतु वैरी छातीवर येऊन बसला असेल आणि खालच्याने धडपडून त्याला पालथे घातले, तर त्या उलटण्याला स्वीपचे गुण नाहीत. उलट छातीवर येऊन बसणाऱ्याला आधीच 4 गुण मिळून गेलेले असतात. खालच्याजवळ पायांचे कुंपण उरले आहे की नाही, दोघांच्या मध्ये त्याची स्वतःची अशी काही जागा आहे की नाही, यावर सारे अवलंबून असते. ज्याची ती जागाच हिरावून घेतली आहे, त्याला युक्ती शिकवण्याआधी त्याच्या छातीवरून उठणे हेच सभ्यपणाचे आहे.

शिवाय मृदू कला नेहमी जिंकते असेही नाही. 1951 साली रिओच्या माराकाना मैदानावर एलियो ग्रेसी आणि जपानचा मासाहिको किमुरा यांची झुंज झाली. किमुरा वजनाने बराच भारी, आणि शिवाय त्या काळच्या ज्यूदोतला अव्वल खेळाडू. त्याने एलियोला पाडले, त्याचा हात पाठीमागे मुरगाळला, आणि एलियो हार कबूल करीना तेव्हा त्याच्या बाजूने झुंज थांबवण्यात आली. ब्राझीलच्या लोकांनी या पराभवावर पांघरूण घातले नाही. ज्या पकडीने आपला माणूस हरला त्या पकडीला त्यांनी विजेत्याचेच नाव दिले. आजही ती ‘किमुरा’ याच नावाने शिकवली जाते. बळाला बळ म्हणण्याचा प्रामाणिकपणा या विद्येत आहे, म्हणून स्पर्धांतून वजनाचे गट पाडलेले असतात. दुबळा नेहमी जिंकेल असे आश्वासन ती देत नाही. पाठ टेकली म्हणजे बोलणे संपले असे नाही, इतकेच ती सांगते.

या तत्त्वाचा नीतीशी संबंध जोडण्याचे काम फार पूर्वी झाले आहे आणि त्याचा उगम आपल्याच देशात आहे. रिचर्ड ग्रेग हा अमेरिकन वकील 1925 साली भारतात आला आणि साबरमतीच्या आश्रमात गांधीजींच्या सहवासात राहिला. अहिंसेच्या सामर्थ्यावर त्याने 1934 साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या 1959 च्या आवृत्तीला मार्टिन ल्यूथर किंग यांची प्रस्तावना आहे. या पुस्तकात ग्रेगने सत्याग्रहाला ‘नैतिक जुजुत्सू’ म्हटले. हल्ला करणाऱ्याची अपेक्षा असते की समोरचा एक तर भिईल किंवा उलट मारील. दोन्ही झाले नाही की ज्या आधारावर तो रेलला होता तो आधार नाहीसा होतो. त्याचा मनाचा तोल जातो. मार खाणाऱ्याचा मात्र शाबूत राहतो.

21 मे 1930 रोजी गुजरातेत धारासण्याच्या मिठागरावर हेच घडले. सत्याग्रही रांगेने कुंपणाकडे जात, लाठ्या खाऊन पडत, आणि मागची रांग पुढे येई. कोणी हात उगारला नाही. मिठागर त्या दिवशी हाती आले नाही. पण वेब मिलर या अमेरिकन वार्ताहराने लिहिलेले वृत्त देशोदेशी छापले गेले आणि सुसंस्कृतपणाचा जो दावा करून सरकार वर बसले होते, तो दावा सरकारच्याच लाठीच्या भाराने कलंडला.

ग्रेगची उपमा मला मोठी मार्मिक वाटते, परंतु ती एका जागी अपुरी पडते. आणि जिथे ती अपुरी पडते तिथेच आपल्या प्रश्नाचा दुसरा भाग सुरू होतो. गादीवरचा स्वीप संपतो तेव्हा खालचा वर आलेला असतो. सत्याग्रहीला प्रतिपक्षाच्या छातीवर बसावयाचे नसते; त्याला दोघांनाही उभे झालेले पाहावयाचे असते. नुसत्या उलथण्याने जागा बदलतात, जागांचे स्वरूप बदलत नाही. सासुरवास सोसलेली सून काही वर्षांनी सासू होते आणि आपल्याला जे सोसावे लागले तेच सुनेला शिस्त म्हणून शिकवते. साहेबाच्या दरडावण्याने रडकुंडीला आलेला कारकून साहेब झाला की त्याच टेबलावर तशीच मूठ आपटतो. वर येण्याचा त्यांचा हक्क मी नाकारीत नाही. ज्याला दाबले आहे त्याने वर यावे यात अन्याय नाही. पण वर येणे हाच न्याय, असे समजले की पुढच्या माणसाच्या पाठीसाठी जमीन तयार झालीच.

मग गादीवर याला काही उत्तर आहे काय? मला वाटते, आहे. पण ते स्वीपमध्ये नाही. नियमाप्रमाणे उलथल्यावर 3 सेकंद वर टिकावे लागते, तेव्हा गुण मिळतात. त्या 3 सेकंदांनंतर त्या माणसाची वेगळीच परीक्षा सुरू होते. या विद्येत हार कबूल करण्याची रीत अगदी साधी आहे: हाताने समोरच्याच्या अंगावर किंवा गादीवर दोनतीनदा थोपटावयाचे. वरच्याने गळा आवळला असो वा हात मुरगाळला असो, थोपटले की त्याच क्षणी सोडावयाचे. तिथे वाद नाही, आणखी थोडे दाबून पाहणे नाही. जो हे थोपटणे ऐकत नाही, त्याच्याबरोबर पुन्हा सराव करावयास कोणी बसत नाही, मग तो कितीही बलवान असो. आणि सोडल्यावर दोघे पुन्हा समोरासमोर बसतात, हात मिळवतात. या खेपेला कदाचित दुसरा खाली असतो. रोजच्या सरावात वरची जागा कोणाच्या नावावर कायमची नसते. वर असणाऱ्याला उलथले जाण्याची सवय असते, म्हणूनच तो थोपटणे ऐकू शकतो.

कानोंनी आपल्या विद्येची दोन सूत्रे सांगितली होती. शक्तीचा उत्तम उपयोग हे पहिले, आणि आपले व दुसऱ्याचे, दोघांचे कल्याण हे दुसरे. स्वीप हे पहिल्या सूत्राचे सुंदर उदाहरण आहे, आणि लोकांना भुरळ पडते तीही त्याचीच. परंतु दुसऱ्या सूत्रावाचून पहिले केवळ जागा बदलण्याचे यंत्र होऊन बसते. ज्याच्या वजनाने मी वर आलो, तो उद्या पुन्हा माझ्यासमोर बसावयास धडधाकट राहिला पाहिजे. त्याच्यावाचून माझी विद्या एक दिवसही पुढे जाणार नाही.

या दिवसांत घरे माणसांनी भरलेली असतात. पंगतीत कोणी मोठ्या पगाराचा, कोणी नोकरी गेलेला, कोणी घरात ज्याचे चालते तो, कोणी ज्याचे कधीच चाललेले नाही तो, असे सारे शेजारी शेजारी बसलेले असतात. त्यांत ‘पडलेला’ म्हणून आपण ज्याच्याकडे पाहतो, त्याची पाठ टेकलेली असेल; परंतु त्याच्याजवळ अजून कुंपणापुरती जागा आहे की नाही, हे आपण पाहिलेले असते काय? आणि आपण जर आज वर असू, तर आपल्या खालून कोणी हलकेच थोपटीत आहे काय, हे फटाक्यांच्या आवाजातही कान देऊन ऐकावयास काही हरकत नाही. पुष्कळ वेळा ते थोपटणे फार हळू असते. नोकरी गेलेला भाऊ फराळाचे ताट लवकर बाजूला सारून उठतो, एवढेच ते असते.